अकरा आठवड्यांत तेरा किलो

"पासष्ट शंभर!" तात्यांनी काट्यावर वाकून आकडा वाचला आणि सवयीने पुढे म्हणाले, "उतरवा. पुढचं घ्या."

पुढचं कोणी नव्हतं. मीच होते.

विट्यात माझ्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, पशुखाद्याचं दुकान आणि दुकानामागे घर. सरकी पेंडीची पोती ज्या लोखंडी काट्यावर चढतात, त्याच काट्यावर दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी चढायचे. रेवाच्या बारशाला ह्याच काट्याने मला अठ्ठ्याहत्तर किलो दाखवले होते. बारशाच्या फोटोत मी आणि पाळणा एकाच रुंदीचे आलो होतो. फोटो बघून माझा नवरा विक्रांत फोनवर म्हणाला होता, "छान आलाय गं... पाळणा." त्या 'पाळणा'आधी त्याने जो श्वास घेतला, तो मी तीन महिने विसरले नाही.

आणि आता पासष्ट. अकरा आठवड्यांत तेरा किलो. मी काट्यावरून उतरले तेव्हा डोळ्यांपुढे क्षणभर काळं आलं. मी पोत्यांना धरून उभी राहिले, काळं गेलं, आणि मी मोबाइल काढून काट्याचा फोटो घेतला.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा एक ग्रुप होता. त्यातल्या चौघी नुकत्याच बाळंत झालेल्या, आणि चौघींनाही आपापलं पोट परत आत ढकलायचं होतं. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ग्लूटेन-फ्री. बाकी काही नाही.' दोन मिनिटांत टाळ्या, आगी, मुकुट. रूपाली नावाची एक मैत्रीण तर रोज सकाळी मला 'गुरुमाऊली' म्हणून हाक मारायची आणि आज नाश्त्याला काय खाऊ म्हणून विचारायची. मी सांगायचे. ऐटीत सांगायचे. "पोळी बंद. पाव, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. ज्वारी, नाचणी, तांदूळ. आणि घाबरू नका, मी तर रोज डिंकाचे दोन लाडू खाते, तरी उतरतंय. ग्लूटेन नसलं की लाडूही लागत नाही अंगाला."

हे शेवटचं वाक्य मी नेमकं कशाच्या जोरावर लिहिलं होतं, देव जाणे.

मी ग्लूटेन-फ्री खायचे ते काही बारीक व्हायला नव्हे. लग्नानंतर दीड वर्षाने पुण्यात मी सारखी आजारी पडायला लागले. पोट फुगायचं, दिवसातून सहा-सहा वेळा पळावं लागायचं, तोंड आलेलं, अंगात रक्त नाही. शेवटी एका डॉक्टरने दुर्बीण घालून सांगितलं की हा सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लूटेन नावाचं एक चिकट प्रकरण असतं, ते माझ्या आतड्याला सोसत नाही. चिमूटभरही नाही, आणि जन्मभर नाही.

माझ्या सासूबाई बार्शीच्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. दिसायला दणकट, बोलायला त्याहून. डॉक्टरचं ऐकून त्या घरी आल्या आणि कणकेचा डबा, पोळपाट, लाटणं, तवा, सगळं एका कपाटात कोंबून म्हणाल्या, "आम्ही जन्मभर भाकरीच खाल्ली. हिला भाकरीचा आजार झाला असता तर मी रडले असते." त्या दिवसापासून गिरणी उघडली की पहिलं दळण आमच्या ज्वारीचं. गिरणीवाल्याशी त्यांनी त्यासाठी तीनदा भांडण केलं.

आईचं मात्र वेगळं. माझी आई विट्याच्या शाळेत तीस वर्षं चौथीला शिकवत होती. तिला हे निदान पटलंच नाही. "पंचवीस वर्षं माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्यास," ती म्हणायची, "तेव्हा काही झालं नाही. पुण्याला गेलीस आणि दोन वर्षांत गहू बाधला? गहू बाधतो होय कोणाला? हवा बाधली असेल. नाहीतर माणसं." माणसं म्हणताना ती अक्कांचं नाव घ्यायची नाही, पण बार्शीच्या दिशेला बघायची.

तरी बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा आईने शब्द दिला होता. माझी भाकरी वेगळ्या तव्यावर, माझी भांडी वेगळी. डिंकाच्या लाडवात राजगिऱ्याचं पीठ. "तुझ्या डॉक्टरला चालतंय ना राजगिरा? मग झालं." पहाटे आंघोळ झाली की दोन लाडू, वर कपभर दूध. संध्याकाळी मी भात सोडला होता, साखर सोडली होती, गच्चीवर रेवाला खांद्यावर घेऊन चाळीस फेऱ्या मारत होते. पण लाडवाला नाही म्हणायची सोय नव्हती. आई समोर उभी राहायची, दुसरा संपेपर्यंत.

आता खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यापासूनच पोट बिघडलं होतं. रोज चार-पाच वेळा. मग सहा वेळा. जीभ सोलल्यासारखी झाली होती, जिना चढताना छाती भरून यायची. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. पुण्यात नेमकं हेच झालं होतं. मला कळत होतं. पण दर सोमवारी काटा सव्वा किलो खाली यायचा, आणि संडासात जाऊन येऊन जे उतरतंय ते गच्चीवरच्या फेऱ्यांनी उतरतंय, असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. आईला काही बोलले नाही. विक्रांतला नाही. ग्रुपवर तर नाहीच. गुरुमाऊलीला जुलाब होतात हे कसं सांगणार?

रेवाला दूध कमी पडलं नाही, एवढं खरं. माझ्यात जे काही उरलंसुरलं होतं ते तिने निगुतीने काढून घेतलं आणि ती मस्त गुटगुटीत झाली.

त्या सोमवारी दुपारी अक्का आल्या, आम्हाला पुण्याला न्यायला. दारात त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि आईला विचारलं, "आजारी कोण आहे?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "बाळंतीण कशी सडपातळ झालीय बघा. आमच्या गल्लीत सगळ्या विचारतात, काय खायला घालता म्हणून."

"सडपातळ," अक्का म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट उचललं, दोन बोटांत धरलं आणि परत खाली ठेवलं. बाजारात एखादी भाजी बघून परत टोपलीत ठेवतात तसं. "गळ्याची हाडं मोजता येतायत हिच्या. डोळ्यांखाली बघा."

"जागरणं होतात हो," मी म्हणाले. "आणि अक्का, मी मुद्दाम कमी केलंय. तेरा किलो!"

"कशाला?"

ह्या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. अकरा आठवडे सगळे 'कसं' विचारत होते.

आई चहा ठेवायला आत गेली. येताना तिने बशीत चिवडा आणि दोन लाडू आणले. पाहुणचारात आई कधी कमी पडत नाही, वैऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. अक्कांनी लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला, सावकाश चावला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"विहीणबाई, कणीक झकास भाजलीय," त्या म्हणाल्या. "आजकाल कोणाला दम नसतो. कच्ची राहते, टाळूला चिकटते. हा कसा खमंग झालाय." आणि दुसरा अर्धा तोंडात टाकत, अगदी सहज, "गिरिजाचे वेगळे केलेत ना?"



मी आईकडे बघितलं. आई चहाच्या कपाकडे बघत होती. कपात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "राजगिरा आहे ना तो?"

"आहे की. राजगिरा आहे."

"राजगिऱ्याला असा वास येत नाही," अक्का म्हणाल्या. त्यांचं चावणं थांबलं होतं. "विहीणबाई, मी चाळीस वर्षं लाडू वळतेय."

"थोडी कणीक आहे," आई म्हणाली. "बांधायला. राजगिरा नुसता बसत नाही, फुटतो लाडू."

"थोडी म्हणजे?"

"अगं चमचाभर."

"आई, किती?"

"निम्मी," आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि काय झालं? काय झालं गं तुला? अकरा आठवडे खातेयस, रोज दोन खातेयस, काही झालं? चांगली हिंडतेस, फिरतेस, गच्चीवर पळतेस, वजन उतरलं म्हणून जगाला फोटो पाठवतेस! कुठे गेला तुझा आजार? मी रोज विचारते, बरं वाटतंय ना? तू रोज म्हणतेस, मस्त वाटतंय. म्हणतेस का नाही?"

म्हणत होते. रोज म्हणत होते.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तू मला फसवलंस, तीन महिने, रोज, समोर उभी राहून, असं सगळं मी मनात नीट मांडलं. रेवा माझ्या मांडीवर होती. तिला घेऊन मी ताडकन उठले, कारण असलं भांडण बसून करता येत नाही, आणि "आई, तू" एवढंच म्हणाले. सकाळचं ते काळं परत आलं. ह्या वेळी ते गेलं नाही.

आईचा आवाज ऐकून दुकानातून आत आलेल्या तात्यांनी नंतर सांगितलं ते असं. मी गुडघ्यात मोडले तेव्हा अक्का पाटावरून उठल्या कशा हे कोणालाच कळलं नाही. पासष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखतात. पण त्यांनी झेप घेऊन रेवाला माझ्या हातांतून ओढून घेतलं, आणि मी एकटीच खाली गेले. चिवड्याच्या बशीवर. माझ्या कपाळावर अजून एक बारीक व्रण आहे. लोकांना मी सांगते लहानपणी झाडावरून पडले.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. "चालत कशा होता तुम्ही?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "रोज चाळीस फेऱ्या." त्याला वाटलं मी भ्रमात बोलतेय. त्याने दोन दिवसांत दोन पिशव्या रक्त चढवायला लावलं आणि अक्कांना सगळा जुना इतिहास विचारून घेतला. अक्कांनी तो तोंडपाठ सांगितला, तारखांसकट. लाडवांचं मात्र एवढंच सांगितलं की "खाण्यात गहू आला चुकून." मी डोळे मिटून पडले होते. त्या 'चुकून'साठी मी अक्कांचं बाकीचं सगळं माफ केलं, त्यात माझ्या माहेरच्या साड्यांबद्दल त्यांनी केलेली काही विधानंही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का रेवाला घेऊन घरी गेल्या होत्या आणि खाटेशेजारच्या स्टुलावर आई बसली होती. ती रक्ताच्या पिशवीकडे बघत होती. थेंब मोजत असावी, शिक्षिकेची सवय.

"तुला चौथीतलं आठवतं?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"गणिताचा तास होता. तू हात वर केलास, बाई पोटात दुखतंय, जाऊ का? मी म्हटलं, बस खाली. रोज तेच. गणित आलं की पोट दुखायचं तुझं. मला वाटायचं नाटक आहे, आणि मास्तरणीची पोरगी म्हणून तुला सवलत दिली तर बाकीची पोरं काय म्हणतील? तू परत हात वर केलास. मी परत म्हटलं, बस. आणि मग..."

मला आठवत होतं. सगळ्या वर्गासमोर माझा परकर घाण झाला होता. आईने मला कानाला धरून बाहेर नेलं, नळाखाली धुतलं, आणि एक ठेवून दिली होती. कॉलेजात हा किस्सा मी विनोद म्हणून सांगायचे. आवाज काढून सांगायचे. पोरी हसून लोळायच्या.

"त्या सकाळी डब्यात तूप-साखर-पोळी दिली होती मी," आई म्हणाली. "आवडायची तुला. दोन दिल्या होत्या. तू पुण्याहून फोन केलास ना, गव्हाचा आजार आहे, लहानपणापासूनच असणार म्हणाले डॉक्टर, त्या दिवशी मला पहिल्यांदा तेच आठवलं. पोळी. मग एकेक आठवायला लागलं. तुझं ते सारखं पोट. ती तुझी वाढ होत नव्हती ते. मी जंताचं औषध द्यायचे. आणि पोळ्या द्यायचे. खात नाहीस म्हणून मारायचे."

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"म्हणून म्हटलं, बघू. निम्मीच घालू. हिला न सांगता. सांगितलं की मनानेच आजारी पडेल. आणि काही झालं नाही तर..." तिने पदराने नाक पुसलं. "काही झालं नाही तर डॉक्टर खोटा. मग चौथीतलं तेवढं राहील नुसतं. तेवढं मी सहन केलं असतं. आणि तू रोज म्हणत होतीस मस्त वाटतंय. तू बारीक झालीस, सगळे वा वा करत होते. मी रोज देवाला हात जोडायचे, की बघ, काही होत नाहीये."

मला फार राग यायला हवा होता. थोडा आला पण होता. पण मी तीन महिने जुलाब लपवले होते, साडीच्या निऱ्या नीट बसाव्यात म्हणून. आईने कणीक लपवली होती. दोघींपैकी एक जरी खरं बोलली असती तर पहिल्याच आठवड्यात सगळं मिटलं असतं.

"आई," मी म्हणाले, "मला पहिल्या महिन्यापासून त्रास होत होता. मी तुला सांगितलं नाही."

"का?"

"वजन उतरत होतं."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मारणार. हात उचललाच होता तिने. मग तो हात तिने माझ्या कपाळावर, टाक्यांच्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मूर्ख आहेस."

"तुझीच आहे," मी म्हणाले.

पुण्याला गेल्यावर अक्कांनी घराला कडेकोट बंदोबस्त लावला. आतडं बरं व्हायला लागलं तसं खाल्लेलं अंगी लागायला लागलं. चार महिन्यांत मी नऊ किलो वाढले. गव्हाचा एक कणही पोटात न जाता. गहू सोडून जग बारीक होतं, मी गहू सोडून गोल झाले. ग्रुपवर रूपालीने विचारलं, "गुरुमाऊली, नवीन फोटो?" मी रात्रभर विचार केला नाही, लगेच लिहून टाकलं की ते तेरा किलो आजाराने गेले होते, मला दिवसातून सहा वेळा जावं लागायचं, आणि तुम्ही कृपा करून पोळी खा. मग रूपालीने लिहिलं, 'सहा वेळा???' आणि खाली, 'मी तीन महिने नाचणी खातेय गं तुझ्या नादाने, मेले.' अजूनही ती मला भेटली की पहिल्यांदा एक चापट मारते.

पुढे दोन वर्षांत त्यातले पाच किलो माझे मी उतरवले. चार राहिले. ते राहू देत.

डॉक्टरांनी एक सांगितलं होतं, की हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, आईवडिलांची तपासणी करून घ्या. मी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती फोन आपटेल. ती म्हणाली, "उद्याच जाते." तरी दिवाळीनंतर मीच विट्याला गेले, आणि तात्यांच्या गाडीतून आम्ही तिघं सांगलीला गेलो. रक्त दिलं. आठवड्याने रिपोर्ट घ्यायला परत गेलो. तात्या खाली गाडीत बसले, पेपर वाचत.

काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला. "काही नाही काकू. एकदम नॉर्मल."

"नीट बघ," आई म्हणाली.

"बघितलं काकू. निगेटिव्ह आहे. गहू बिनधास्त खा."

आई बाकावर येऊन बसली. तोंड एवढंसं झालं होतं. शेजारी एक बाई कोणाच्या तरी रिपोर्टसाठी जप करत होती, तिने आईकडे इतक्या कळवळ्याने बघितलं, की मला ओशाळल्यासारखं झालं.

"आई, लोक असा रिपोर्ट आला की पेढे वाटतात."

"मला वाटलं होतं, माझ्याकडूनच आलं असेल तुला," ती म्हणाली. "मला असतं तर बरं झालं असतं गं. निदान म्हणता आलं असतं, मला स्वतःचंच कळलं नाही, पोरीचं काय कळणार." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. "दोघींचं एकच पथ्य झालं असतं."

मी तिचा हात धरला. असं आम्ही कधी बसलो नव्हतो. आणि मग बघता बघता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं.

"म्हणजे हे तुझ्या वडिलांकडचं आहे."

"आई, तसंच काही नसतं—"

"त्यांच्या घराण्यात सगळे पोट धरूनच हिंडतात. तुझे आजोबा, तुझी ती आत्या. मी चाळीस वर्षं बघतेय, मला वाटलंच होतं." ती उठली, पदर खोचला, खिडकीशी गेली आणि खाली वाकून ओरडली, "अहो! पेपर ठेवा आणि वर या!"

तात्या बिचारे चष्मा सावरत, जिना चढून वर आले. "काय झालं? काही वाईट आहे का?"

"मला काही नाही," आई म्हणाली. "बाही वर करा."